दबाव तोंडी येतो, उत्तर लेखी द्या: छोट्या डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावातून वाळूउपसा, टँकर आणि पीकविम्याच्या बातम्या देणारे यूट्यूब चॅनेल असो, की चार-पाच जणांनी मिळून पुण्या-मुंबईत चालवलेले संकेतस्थळ असो, स्वतंत्र डिजिटल पत्रकारितेवर सरकारी दबाव येतो तेव्हा त्याची सुरुवात बहुधा लेखी आदेशाने होत नाही. पोलीस ठाण्यातून फोन येतो, ‘साहेबांनी बोलावले आहे, जरा येऊन जा’ असा निरोप मिळतो, एखादा अधिकारी ओळखीच्या माणसाकरवी बातमी काढायला सुचवतो, किंवा एके दिवशी सकाळी व्हिडिओ भारतात दिसेनासा होतो आणि कारण विचारायला समोर कोणी नसते. याला तोंड देण्याचा मार्ग कायद्यातच आहे, पण तो लेखी मागणीतून उघडतो: आदेश लेखी मागणे, कारणे लेखी मागणे, आपले म्हणणे लेखी नोंदवणे आणि प्रत्येक कागदाची पोच जपणे. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या २०२५च्या वृत्तस्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत भारत १५१ व्या क्रमांकावर आहे. अशा परिस्थितीत ही तयारी संकट आल्यावर नव्हे, तर शांत काळात करून ठेवावी लागते. वकील येईपर्यंतचे काही तास आणि त्याआधीचे काही महिने कसे वापरावेत, हे सांगण्यासाठी हा मजकूर आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

नोंदणी, ओळखपत्र आणि पैसा

छोट्या पोर्टलला सर्वांत आधी ऐकावी लागणारी धमकी म्हणजे ‘तुमचे पोर्टल नोंदणीकृत नाही, तुम्ही बोगस पत्रकार आहात’. हिचे उत्तर पाठ असले पाहिजे. २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे, आणि केवळ डिजिटल असलेल्या वृत्तमाध्यमाने बातमी देण्यापूर्वी नोंदणी करावी, अशी अट त्यात नाही. राज्य शासनाची अधिस्वीकृती पत्रिका ही शासकीय सोयीसवलतींसाठी असते. ती पत्रकारितेचा परवाना नव्हे, आणि ती नसल्याने तुमचा अधिकार कमी होत नाही. बातमी देण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधून येतो आणि तो प्रत्येक नागरिकाचा आहे. त्यावरची बंधने अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिली आहेत, आणि ‘शासनाची प्रतिमा मलिन होणे’ हे त्यांपैकी कोणतेही बंधन नाही.

तरीही तुमची संस्था कागदावर व्यवस्थित दिसली पाहिजे. भागीदारी, कंपनी किंवा विश्वस्त संस्था यांपैकी जे असेल त्याचे दस्तऐवज, बातमीदारांना दिलेली नियुक्तिपत्रे, प्रत्येक महिन्याच्या मानधनाचा बँकेतून झालेला व्यवहार, संकेतस्थळावर संपादकाचे नाव आणि तक्रारीसाठी ईमेल, एवढे असले की ‘हे पत्रकार नाहीतच’ हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी आचारसंहिता आणि तीन पातळ्यांची तक्रार यंत्रणा आणली, तेव्हा ‘द लीफलेट’ या संकेतस्थळाचे प्रकाशक आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी नियम ९(१) आणि ९(३) यांना स्थगिती दिली. या नियमांविरुद्धची प्रकरणे पुढे दिल्ली उच्च न्यायालयाकडे वर्ग झाली असल्याने आजची नेमकी स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. पण स्थगिती असो वा नसो, तक्रारींची नोंदवही स्वतःहून ठेवावी, असे माझे मत आहे. कोणती तक्रार कधी आली, तपासून काय आढळले आणि चूक असल्यास ती कधी दुरुस्त केली, याची ओळीने नोंद असलेला संपादक बेजबाबदार ठरवणे कठीण जाते.

पैशाच्या बाबतीत मात्र इथे थोडे थांबून समजून घेणे भाग आहे, कारण बातमीवर हल्ला करता आला नाही की हिशेबावर केला जातो. परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार वर्तमानपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक, संपादक आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून ध्वनी किंवा दृकश्राव्य स्वरूपात वृत्त आणि चालू घडामोडींची निर्मिती वा प्रसारण करणाऱ्या संस्था यांना परकीय अंशदान स्वीकारताच येत नाही. परवानगी घेऊन स्वीकारता येते, असाही प्रकार नाही. ती सरळ मनाई आहे. मराठी माध्यमांना याचा थेट संबंध पडतो, कारण अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांतले मराठी वाचक मनापासून मदत करू इच्छितात. त्यांत फरक करावा लागतो: भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेले पैसे परकीय अंशदान ठरत नाहीत, पण परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती, मग तिचे आडनाव कुलकर्णी असो की जाधव, कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत असते. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचे मूल्य, म्हणजे खरीखुरी वर्गणी, आणि देणगी यांतही कायदा फरक करतो. त्यामुळे देणगीच्या पानावर नागरिकत्वाची घोषणा आणि पारपत्राची प्रत घेण्याची सोय करा, परदेशी कार्डांवरून येणारी देणगी तांत्रिक पातळीवरच बंद ठेवा, आणि वर्गणी व देणगी यांची खाती वेगळी ठेवून सनदी लेखापालाकडून दरवर्षी तपासून घ्या. डिजिटल वृत्तमाध्यमांतील थेट परकीय गुंतवणुकीवर २०१९ पासून २६ टक्क्यांची मर्यादा असून त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते, हेही गुंतवणूकदाराशी बोलण्याआधी लक्षात असू द्या.

प्रत्येक बातमीची धारिका

संवेदनशील बातमीसाठी एक स्वतंत्र धारिका, म्हणजे कागदपत्रांची फाईल, करा. तिच्यात मूळ कागदपत्रे, माहिती अधिकारातील उत्तरे, मुलाखतींच्या नोंदी, मसुदा कोणी तपासला याचा उल्लेख आणि, सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्याविरुद्ध बातमी आहे त्यांना पाठवलेले प्रश्न असावेत. प्रश्न ईमेलने पाठवावेत, उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी आणि उत्तर आले नाही तर तसे बातमीत लिहावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालील बदनामीत सार्वजनिक हितासाठी केलेले सत्यकथन हा पहिला अपवाद आहे, परंतु सत्य आणि सार्वजनिक हित या दोन्ही गोष्टी तुम्हाला दाखवून द्याव्या लागतात, आणि त्या याच धारिकेतून दाखवता येतात. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे केवळ त्यासाठी पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून अटक करू शकत नाहीत. म्हणूनच टीकात्मक बातमीवर प्रत्यक्षात कलम १९६ (गटांत वैर वाढवणे), ३५३ (जनतेत भीती किंवा क्षोभ निर्माण करणारी विधाने) किंवा १५२ (देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये) यांचा आधार घेतला जातो. या कलमांचा मजकूर संपादक मंडळातील प्रत्येकाने एकदा मुळातून वाचलेला असावा, कारण शीर्षकातला एखादा सैल शब्द तक्रारदाराला आयते निमित्त देतो.

डिजिटल पुराव्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या ठरावीक नमुन्यात फाईलचे हॅश मूल्य विचारलेले असते. हॅश मूल्य म्हणजे फाईलच्या बोटांचे ठसेच. आतला एक बिंदू बदलला तरी ते पूर्ण बदलते. व्हिडिओ कॅमेऱ्यातून संगणकावर उतरवताच, संपादनाला हात लावण्यापूर्वी, मूळ फाईलचे ‘शा-२५६’ हॅश मूल्य काढावे आणि तारीख, वेळ व उपकरणाचा क्रमांक यांसह ते नोंदवून ठेवावे. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत त्यासाठी साधी आज्ञा आहे आणि काम मिनिटभराचे आहे. हे मूल्य स्वतःच्याच ईमेलवर पाठवले तर तारखेचा आणखी एक पुरावा तयार होतो. ‘व्हिडिओत फेरफार केली आहे’ या आरोपाला याहून ठाम उत्तर नाही.

स्रोत आणि उपकरणे

ज्याने विश्वासाने माहिती दिली त्याचे नाव उघड होऊ न देणे ही पत्रकाराची सर्वांत मोठी जबाबदारी आहे, आणि भारतात तिच्या पाठीशी पुरेसा कायदा नाही, ही वेदनादायक वस्तुस्थिती आहे. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यातील कलम १५(२) स्रोत उघड करण्याच्या सक्तीपासून संरक्षण देते, पण ते प्रेस कौन्सिलपुढील कामकाजापुरते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण हे वृत्तस्वातंत्र्याचा आवश्यक भाग असल्याचे म्हटले, आणि वकिलाने या आदेशाचा आधार जरूर घ्यावा. मात्र खरे संरक्षण हेच की जी माहिती तुमच्याकडे साठवलेलीच नाही, ती कोणी जप्त करू शकत नाही.

त्यामुळे स्रोताशी बोलण्यासाठी सिग्नलसारखे ॲप वापरा आणि संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. स्रोताचे खरे नाव फोनच्या संपर्कयादीत नको, धारिकेतही नको. तिथे संकेतनाव पुरते. फोन आणि लॅपटॉपची साठवण कूटबद्ध असावी, कुलूप बोटाच्या ठशाऐवजी लांब सांकेतिक शब्दाने उघडावे, आणि खात्यांना दुहेरी पडताळणी असावी, तीही एसएमएसने नव्हे तर ॲपने किंवा भौतिक किल्लीने. व्यक्तिगत आणि कामाचा फोन वेगळा ठेवणे परवडत असेल तर नक्की ठेवा, कारण जप्तीत घरच्यांची छायाचित्रे आणि बँक व्यवहारही जातात. कामाच्या फाईलींच्या प्रती तीन ठिकाणी असाव्यात आणि त्यांतली एक कार्यालय व संपादकाचे घर सोडून अन्यत्र असावी.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. नोटीस आल्यानंतर, किंवा गुन्हा नोंदवला गेल्याचे कळल्यानंतर, काहीही पुसू नका. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मूळ आरोपात काही तथ्य नसताना एखादा पत्रकार या कलमात अडकू शकतो. म्हणून संदेश किती दिवसांनी पुसले जातील, जुन्या धारिका कधी काढून टाकल्या जातील, याचे धोरण आधीच लेखी ठरवून त्यावर तारीख घालून ठेवा.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर

फोनवर वाद घालू नका आणि फोनवर खुलासाही करू नका. बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा, ठाणे आणि वेळ लिहून घ्या, ‘लेखी नोटीस द्या, मी हजर राहीन’ एवढेच सांगा आणि लगेच पुढील आशयाचे पत्र ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवून त्याची छापील प्रत ठाण्याच्या आवक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घ्या:

‘महोदय, आज दुपारी आपल्या पोलीस ठाण्यातून मला दूरध्वनीवरून ठाण्यात हजर राहण्यास सांगण्यात आले. कायद्यानुसार सहकार्य करण्यास मी तयार आहे. मला साक्षीदार म्हणून बोलावले आहे की संशयित म्हणून, कोणता गुन्हा किंवा कोणत्या तक्रार अर्जाची चौकशी आहे, आणि कोणत्या कलमाखाली हजर राहण्यास सांगितले आहे, हे नमूद केलेली लेखी नोटीस कृपया द्यावी. नोटीस मिळताच मी माझ्या वकिलांसह हजर राहीन.’

या चार वाक्यांत सहकार्याची तयारीही आहे आणि कायद्याची मागणीही आहे. पुढे जामिनाच्या अर्जाला हेच पत्र पहिले जोडपत्र म्हणून लावता येते. अनेकदा असे पत्र गेल्यावर फोन थांबतात, कारण फोनमागे नोंदलेले कोणतेही प्रकरण नसते.

नोटीस आली तर तिच्यातले कलम आधी पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ साक्षीदारासाठी आहे, आणि त्याखाली पोलीस अधिकारी फक्त स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतील व्यक्तीला बोलावू शकतो. महिलांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना त्यांच्या राहत्या घराबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३५(३) खालील नोटीस म्हणजे तुमच्यावर संशय आहे, पण तूर्त अटकेची गरज पोलिसांना वाटत नाही. ती पाळणे अत्यावश्यक आहे, कारण पाळणाऱ्याला कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही आणि न पाळणे हेच अटकेचे कारण बनू शकते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नये, तर तोच मुद्दा मांडून लेखी उत्तर द्यावे. कलम ९४ खालील नोटीस दस्तऐवज किंवा उपकरण हजर करण्यासाठी असते. तिच्यात ‘सर्व उपकरणे’ असे मोघम लिहिले असेल, तर कोणत्या बातमीसंबंधी, कोणत्या कालावधीतील, कोणती नोंद हवी आहे याची लेखी विचारणा करा आणि तेवढ्याच नोंदीची प्रत हॅश मूल्यासह देण्याची तयारी दर्शवा.

जबाब देताना स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर नाकारता येते. अनुच्छेद २०(३) आणि कलम १८० या दोन्हींचा त्याला आधार आहे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते, असे कलम १८१ सांगते. फोनचा सांकेतिक शब्द देण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत, म्हणून तो देण्यापूर्वी वकिलाशी बोलू द्यावे, अशी लेखी विनंती करा.

झडती आणि अटक

३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी ‘न्यूजक्लिक’शी संबंधित पत्रकारांच्या घरांवर छापे घातले, फोन आणि लॅपटॉप जप्त केले आणि संस्थापक-संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली. १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. अटकेची कारणे त्यांना लेखी दिलेली नव्हती, याच मुद्द्यावर हा निकाल आधारलेला होता. पुढे ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने हे तत्त्व सर्व गुन्ह्यांना लागू केले: कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि तात्काळ देणे शक्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. मराठी पत्रकाराने कारणे मराठीत मागावीत. ‘अटकेची कारणे’ आणि अटक पंचनाम्यातील छापील ‘अटकेची आवश्यकता’ या भिन्न गोष्टी आहेत. पहिली तुमच्या नेमक्या कृत्याबद्दल बोलते, तर दुसरी कोणत्याही आरोपीला चालेल अशी मोघम असते. तुमच्या हाती दुसरीच दिली गेली असेल, तर वकिलाने ते पहिल्याच सुनावणीत मांडावे.

पोलीस दारात आले की वॉरंट आहे का विचारा, असल्यास त्याचा फोटो घेऊ देण्याची विनंती करा. वॉरंटाशिवाय झडती घ्यायची असेल तर तपास अधिकाऱ्याने आपली कारणे आधी लेखी नोंदवायची असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ नुसार परिसरातील दोन स्वतंत्र पंच हवेत, जप्त वस्तूंची यादी तिथेच तयार व्हायला हवी आणि तिची प्रत घरमालकाला मिळायला हवी. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे, यादी आणि सह्यांसकट, दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे आहे. ते सुरू आहे ना, हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा. पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचा एक मोबाइल’ एवढेच लिहिले जाऊ देऊ नका. कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), सिमकार्ड, हार्ड डिस्कचा अनुक्रमांक, उपकरण चालू होते की बंद आणि ते कोणत्या क्रमांकाच्या लिफाफ्यात मोहोरबंद केले, हे सारे यादीत असले पाहिजे. जागेवरच हॅश मूल्य काढून पंचनाम्यात लिहावे आणि उपकरणाऐवजी त्याची फॉरेन्सिक प्रत घ्यावी, अशी मागणी करा. मागणी फेटाळली गेली तर पंचनाम्यावर सही करताना ‘हॅश मूल्याची मागणी केली, ते देण्यात आले नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स’च्या याचिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सुनावले होते, आणि तोवर सीबीआयच्या नियमपुस्तिकेचे पालन केले जाईल, असे केंद्राने त्यानंतर सांगितले होते. वकिलाने या दोन्ही गोष्टींचा हवाला द्यावा.

घरातल्यांना आणि सहकाऱ्यांना एक कागद आधीच देऊन ठेवा. त्यावर दोन वकिलांचे क्रमांक, सही केलेले वकीलपत्र कुठे ठेवले आहे, तुमची औषधे कोणती आणि संकेतस्थळाची सूत्रे कोणाकडे जातील, हे लिहिलेले असावे. फोन जप्त झाल्यावर पाठ असलेले क्रमांकच उपयोगी पडतात.

गुन्हा नोंदवला गेला तर

गुन्ह्याची प्रत आधी मिळवा. ‘यूथ बार असोसिएशन’ प्रकरणातील २०१६च्या निकालामुळे, संवेदनशील प्रकार वगळता, प्रथम खबर अहवाल (एफआयआर) २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. अटकपूर्व जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२ आणि गुन्हा रद्द करण्यासाठी कलम ५२८ खाली उच्च न्यायालय असे मार्ग आहेत. त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही: नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील पत्रकारांचे अंतर आणि खर्च दोन्ही कमी झाले आहेत.

याचिकेत उपयोगी पडणारे काही निकाल लक्षात ठेवावेत. विनोद दुआ प्रकरणात ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूट्यूबवरील कार्यक्रमाबद्दलचा राजद्रोहाचा गुन्हा रद्द केला. इम्रान प्रतापगढी प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने म्हटले की, तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेला गुन्हा बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांबद्दल असेल, तर पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरते. अशी चौकशी न करता रातोरात गुन्हा नोंदवला गेला असेल, तर हा मुद्दा पहिल्या पानावर यावा. एकाच बातमीवर चार जिल्ह्यांत किंवा तीन राज्यांत गुन्हे नोंदवले गेले, तर २०२०च्या अर्णब गोस्वामी आणि २०२२च्या मोहम्मद झुबेर प्रकरणांतील आदेशांच्या आधारे ते एकत्र करण्याची मागणी करता येते. या दोघांची पत्रकारिता एकमेकांपासून कितीही दूर असली, तरी मिळालेले संरक्षण सर्व पत्रकारांसाठी आहे, आणि ते तसेच वापरले पाहिजे.

व्हिडिओ किंवा संकेतस्थळ बंद झाले तर

मजकूर बंद करण्याचा मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ मध्ये आहे. ‘श्रेया सिंघल’ निकालात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण कारणे लेखी नोंदवणे आणि मजकूर निर्माण करणाऱ्याचा ठावठिकाणा लागत असल्यास त्याला ऐकून घेणे, या सुरक्षाकवचांच्या आधारावर. व्यवहारात आदेश बहुतेक वेळा यूट्यूब, एक्स किंवा इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडे जातो, गोपनीयतेच्या नियमाचे कारण पुढे केले जाते, आणि संपादकाच्या हाती फक्त प्लॅटफॉर्मचा तुटपुंजा ईमेल पडतो. याशिवाय त्याच कायद्याचे कलम ७९(३)(ब) आणि केंद्र सरकारचे ‘सहयोग’ पोर्टल यांच्या मार्गानेही प्लॅटफॉर्मना मजकूर काढण्याच्या सूचना जातात. या पोर्टलविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणत्या कलमाखाली?’ हाच असायला हवा, कारण उत्तरानुसार पुढचा मार्ग बदलतो.

प्लॅटफॉर्मच्या ईमेलची सर्व तांत्रिक माहितीसह प्रत जपा, बंद पानाचे स्क्रीनशॉट वेगवेगळ्या सेवापुरवठादारांच्या जोडणीवरून तारीख-वेळेसह घ्या, आणि ‘ऊनी प्रोब’ या मुक्त ॲपने चाचणी घ्या, म्हणजे अडथळा सर्व्हरचा नसून जोडणीच्या पातळीवरचा आहे, हे दाखवता येते. त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आणि माहिती व प्रसारण मंत्रालय या दोन्हींना ईमेल करून आदेशाची प्रत, कारणे आणि सुनावणी मागा. प्लॅटफॉर्मलाही स्वतंत्र पत्र द्या. उत्तर आले नाही तर ते न मिळणे हाच रिट याचिकेचा पाया ठरतो.

याचिकेने काय साधते याची अलीकडची उदाहरणे आहेत. पंतप्रधानांवरील व्यंगचित्रावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ ‘विकटन’चे संपूर्ण संकेतस्थळ बंद करण्यात आले. ६ मार्च रोजी मद्रास उच्च न्यायालयाने ते खुले करण्याचा अंतरिम आदेश दिला, मात्र निकाल लागेपर्यंत ते व्यंगचित्र काढून ठेवण्यास सांगितले. एका चित्रासाठी सारे संकेतस्थळ बंद करणे प्रमाणाबाहेरचे आहे, हा युक्तिवाद म्हणूनच याचिकेत ठळक असावा. ‘४पीएम’ या हिंदी यूट्यूब चॅनेलच्या संपादकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर मे २०२५ मध्ये सरकारने चॅनेलवरील बंदीचा आदेश मागे घेतला. सरकारने ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणून मोहोरबंद लिफाफा पुढे केला, तर ‘मीडियावन’ या मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणातील ५ एप्रिल २०२३चा निकाल दाखवा: नुसते ते शब्द उच्चारून नैसर्गिक न्याय नाकारता येत नाही, आणि सरकारच्या धोरणांवरील टीकेला व्यवस्थाविरोधी म्हणता येत नाही, असे त्यात न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तसेच सरकारी यंत्रणेने एखाद्या बातमीवर ‘खोटी’ असा शिक्का मारला म्हणून ती काढलीच पाहिजे, असेही नाही. सरकारी सत्यशोधन कक्षाची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

याचिका चालू असताना वाचक तुटू नयेत, यासाठी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा स्वतःचा मार्ग हवा. यूट्यूबचे लाखभर सदस्य यूट्यूबचे असतात, तर परवानगी घेऊन जमवलेली दहा हजार ईमेलची यादी तुमची असते. पहिल्या महिन्यापासून ती जमवा, तिची प्रत सुरक्षित ठेवा, आणि प्रत्येक महत्त्वाची बातमी प्रसिद्ध होताच ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सेवेवर साठवा.

जप्त साहित्य परत मिळवणे

उपकरणे परत मिळवण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि फोन वर्षानुवर्षे मुद्देमाल कक्षात पडून राहतात. फॉरेन्सिक प्रत तयार झाल्यावर मूळ उपकरण परत द्यावे, असा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा, त्यात उपजीविका त्यावर अवलंबून असल्याचे नमूद करून पंचनाम्याची प्रत जोडावी, आणि न्यायालय मागेल ते बंधपत्र देण्याची तयारी दाखवावी. उपकरण ताब्यात घेताना लिफाफ्याची मोहोर, आयएमईआय व अनुक्रमांक पंचनाम्याशी ताडून पाहा आणि काही फरक आढळला तर पावतीवरच तशी नोंद करा. ते चालू करण्यापूर्वी जाणकाराकडून त्याची संपूर्ण प्रत आणि तिचे हॅश मूल्य काढून घ्या, म्हणजे जप्तीच्या काळात त्यात काही घातले गेल्याचा संशय पुढे आला तर तपासायला पाया राहील. त्या उपकरणावरून यापुढे कोणत्याही स्रोताशी बोलू नका, आणि सर्व खात्यांचे सांकेतिक शब्द दुसऱ्या, कधीही जप्त न झालेल्या संगणकावरून बदला.